मोहटोल्याच्या मंडईतले अपडेट

धान विक्रीच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, चिचटोला खरेदी केंद्रातील संगणक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून शेजारच्या मोहटोला गावी नेण्यात आला. मोहटोल्यात त्या दिवशी मंडई होती. संगणकावरचे दोन अपडेट तेथे, दंडारीच्या मंचामागे, पूर्ण करण्यात आले. दिवाळी होऊन फार दिवस झाले नव्हते.

गोंदिया जिल्ह्यातील एका संस्थेच्या धान खरेदी केंद्रांचे संगणक सांभाळण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. संस्थेचे नाव येथे देत नाही. गावांची आणि माणसांची नावे बदलली आहेत.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी काम काय होते ते आधी सांगतो. संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो, ती तयार करणारी कंपनी तिच्यात वरचेवर दुरुस्त्या पाठवत असते. त्यांना अपडेट म्हणतात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला तातडीचा: प्रणालीत एखादे छिद्र सापडलेले असते आणि त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. ते त्याच दिवशी बुजवावे लागते. दुसरा बिनतातडीचा: काहीतरी सुधारलेले असते, काही जुने बदललेले असते, आज घेतले नाही तरी काम अडत नाही. दोन्ही प्रकारांत शेवटी मशीन बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, आणि जुनी मशीन पुन्हा सुरू व्हायला किती वेळ घेईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. मधेच वीज गेली तर झालेले काम उलटे फिरते. मशीन पूर्वीच्या जागी येऊन थांबते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

कोणते अपडेट कोणत्या केंद्रावर केव्हा सोडायचे हे ठरवणे माझ्याकडे होते. नवीन अपडेट आधी कार्यालयातील मशीनवर, मग एका केंद्रावर, आणि तेथे काही बिघडले नाही तर सगळीकडे, असा क्रम होता.

त्यापूर्वी मी गोंदियातील एका दैनिकाच्या संपादकीय विभागात होतो. तेथेही रोज संध्याकाळी हाच प्रश्न असे. कोणती बातमी आजच गेली पाहिजे आणि कोणती उद्यावर ठेवली तरी चालेल? फरक इतकाच की उद्यावर ठेवलेली बातमी शिळी होते आणि टाकून देता येते. उद्यावर ठेवलेले अपडेट टाकून देता येत नाही. ते साचते. पुष्कळदा पुढचे तातडीचे अपडेट मागच्या बिनतातडीच्या अपडेटवर उभे असते. मागचे नसेल तर पुढचे बसत नाही. ही गोष्ट केंद्रांवरच्या ऑपरेटरांना पटवून देण्यात माझी बरीच वर्षे गेली.

आमगाव बाजूच्या एका ऑपरेटरने पडद्याच्या ज्या कोपऱ्यात अपडेटची सूचना येते त्या कोपऱ्यावर बायकोची मोठी टिकली चिकटवली होती. विचारले तेव्हा म्हणाला, "नोटीस दिसते ना सायेब, मंग लोकं म्हणते मशीन बिघडली." दुसऱ्या एका केंद्रप्रमुखांचा दिवस सूचनेतील 'नंतर आठवण करा' हे बटण दाबून सुरू होत असे. आधी ते बटण, मग उदबत्ती. त्यांना मी त्यातला धोका सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्यासमोरच ते बटण दाबले.

शहरांतल्या कंपन्या अपडेट रात्री सोडतात. आमच्याकडे ते शक्य नव्हते. केंद्र बंद करताना ऑपरेटर भिंतीवरचे मुख्य बटणच पाडून जात. वीज कोसळण्याचे भय, उंदरांनी तारा कुरतडण्याचे भय, आणि वरिष्ठांचा तोंडी आदेश अशी तिन्ही कारणे होती. म्हणजे अपडेट दिवसाच द्यावे लागणार, आणि दिवसा मशीन मोकळी हवी. धानाच्या हंगामात मोकळा दिवस नसतो. त्याला अपवाद मंडईचा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नये. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. आजूबाजूच्या गावांतले सोयरे येतात, दुकाने लागतात, दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचे लोकनाट्य होते, रात्री नाटक. त्या दिवशी त्या गावात कोणी धान घेऊन येत नाही, आणि आणले तरी मापायला हमाल सापडत नाही. मी गावागावांच्या मंडईचे दिवस विचारून घेतले आणि बिनतातडीच्या अपडेटचे वेळापत्रक त्यांवर बसवले. ज्या गावची मंडई, त्या गावच्या केंद्राची मशीन त्या दिवशी नुसती चालू ठेवायची. ऑपरेटरने मंडईला जावे. अपडेट आपले आपण होईल. कार्यालयात या वेळापत्रकाचे कौतुक झाले होते.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मुख्यालयाचा संदेश आला. प्रणालीत एक छिद्र सापडले होते. त्यातून शिरून सगळ्या फायलींना कुलूप लावणारा एक प्रोग्राम पसरत होता. शहरातील एका राईस मिलचा हिशेब त्याने आधीच बंद पाडला होता. तातडीचे अपडेट सर्व मशीनवर त्याच दिवशी घ्यायचे होते. ज्या मशीनवर ते नसेल तिला दुपारपासून पोर्टलवर प्रवेश मिळणार नव्हता. नोंदणीचे पोर्टल संध्याकाळी बंद होणार होते. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याचे धान त्या हंगामात हमीभावाने केंद्रावर घेतले जात नाही.

जिल्हा व्यवस्थापक मूळचे गोंदिया शहरातले. ते हिंदीतच बोलत.

"आज ही क्यों? कल सुबह कर लो."

"कल पोर्टल नहीं है, साहब."

"और आज नहीं किया तो?"

"तो आज भी नहीं है."

त्यांनी हात हलवून करा म्हणून सांगितले.

एकेका केंद्राचे काम थोडा वेळ थांबवून अपडेट सोडत गेलो. एक सोडून सगळ्या मशीनवर ते बसले. चिचटोल्याच्या मशीनने नाकारले. कारण पडद्यावर स्पष्ट होते: आधीचे अपडेट नाही. ते आधीचे म्हणजे चिचटोल्याच्या मंडईच्या दिवशी ठेवलेले बिनतातडीचे. मागच्या वर्षीचा अहवाल काढून पाहिला. मागच्या वर्षीही त्या केंद्राचे मंडईच्या दिवसाचे अपडेट अपूर्ण राहिले होते. नंतर हंगाम संपल्यावर ते कधीतरी झाले होते.

तेथील ऑपरेटर देवचंद टेंभरे याला फोन केला. कामाला चोख माणूस होता.

"देवचंद, मंडईच्या दिवशी मशीन चालू ठेवली होती का?"

"ठेवली ना सायेब. तुमी सांगतलं तं ठेवली. बटन बी नाई दाबला मी."

"मग बंद कशी पडली?"

"लाईन गेली."

"इन्व्हर्टर होता ना?"



"इन्व्हर्टर मंडईत गेलता, सायेब."

चौकशीत पुढीलप्रमाणे माहिती मिळाली. दंडारीच्या मंचावर रात्री दिवे जनरेटरवर चालतात. पण जनरेटरची घरघर माइकमध्ये शिरते आणि गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून माइक इन्व्हर्टरवर लावतात. चिचटोला आणि भोवतालच्या गावांत दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर फक्त खरेदी केंद्रात होता. तो आला त्या वर्षापासून मंडईसाठी दिला जात होता. मशीन मोकळी असावी म्हणून मी जो दिवस निवडला होता, नेमक्या त्याच दिवशी तिच्यामागे वीज नसायची. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रकात गावाच्या नावापुढे 'इन्व्हर्टर कोठे' असा एक रकाना वाढवण्यात आला.

"आता तो कुठे आहे?"

"मोहटोल्याले. आज त्यायची मंडई होये. मंग तिथून पुढच्या गावाले जाईन."

"आणि लाईन?"

"आताच गेली. लाइनमन म्हणते, संध्याकाळी येईन."

दुसरी मशीन पाठवून भागणार नव्हते. शेतकऱ्याची ओळख पटवणारे अंगठ्याचे यंत्र आणि नोंदणीचा परवाना त्याच मशीनच्या क्रमांकाला जोडलेला होता, आणि क्रमांक बदलायला मुख्यालयाची मंजुरी लागत असे. दोन्ही अपडेट पेनड्राइव्हवर घेऊन मोटरसायकलने निघालो. तिरोडा मागे टाकून बोदलकशाच्या फाट्यापुढे वळलो की चिचटोला फार लांब नाही.

केंद्राच्या ओट्यावर नोंदणी राहिलेले शेतकरी बारदान्यांवर बसले होते. सर्वांत पुढे दुलीचंद कटरे, मोठा बोलका माणूस. त्यांचा ट्रॅक्टर अंगणात उभा होता. त्यांच्यामागे अनुसयाबाई पटले. त्यांचे पती दोन पावसाळ्यांपूर्वी वारले. शेत अनुसयाबाईंच्या नावावर चढायला इतका काळ लागला, आणि नाव चढलेला सातबारा त्यांच्या हाती आदल्या दिवशी पडला होता. त्याआधी त्यांची नोंदणी होऊ शकत नव्हती. त्या दिवसानंतरही होऊ शकणार नव्हती. मळणी झालेले धान खळ्यावर ताडपत्रीखाली होते. स्वतःच्या नावाने ते पहिल्यांदाच विकले जाणार होते.

"काय गा सायेब," दुलीचंद म्हणाले, "तुमचा अपडेट म्हंजे नवरदेवच झाला. सकाळपासून येऊन राहिला, पण वरात काही दिसून नाई राहिली."

"वरात आली. मांडवात वीज नाही," मी म्हणालो.

"मंग काऊन आले? आमचे तोंड पाहाले?"

लोक हसले. अनुसयाबाई हसल्या नाहीत.

"मले आजच पायजे, सायेब," त्या म्हणाल्या. "काल कागद झाला. उद्या म्हणाल तं मी कोणाले विचारू?"

देवचंदने मोहटोल्याच्या मंडई समितीच्या अध्यक्षांना फोन लावून माझ्या हाती दिला. पलीकडे ढोलकी वाजत होती. इन्व्हर्टर दोन-तीन तासांसाठी परत हवा, असे मी सांगितले.

"दंडार उभी होऊन राहिली, आन् तुमी माइक काढता?" अध्यक्ष ओरडून बोलत होते. "तुमच्या गावच्या मंडईत आवाज पायजे, आमच्या मंडईत मुके नाचवू का?"

त्यांनी फोन ठेवला. ओट्यावर सगळ्यांनी ते बोलणे ऐकले होते.

"चक्की घरी येत नाई तं दळण चक्कीकडे नेते," अनुसयाबाई म्हणाल्या. "मशीन न्या ना तिकडे."

देवचंद माझ्याकडे पाहू लागला. मशीन केंद्राबाहेर नेण्याचा नियम नव्हता, आणि नेऊ नये असाही नियम नव्हता. व्यवस्थापकांना फोन केला.

"मंडई में? मशीन?" ते म्हणाले. मग विचारले, "मशीन का नंबर तो वही रहेगा ना?"

"वही रहेगा."

"तो ले जाओ. नंबर मशीन का पूछते हैं, जमीन का किसी ने नहीं पूछा. शाम के पहले मेरे को बताना."

दुलीचंद तोवर ट्रॅक्टरवर चढून बसले होते. मशीन रिकाम्या पोत्यांत गुंडाळली. मॉनिटर देवचंदच्या मांडीवर, अंगठ्याचे यंत्र अनुसयाबाईंच्या पदराखाली. नोंदणी राहिलेले सगळे ट्रॉलीत बसले.

"धीरे चालवजो गा," मागून कोणी म्हणाले, "नवरदेव बसला आहे."

मोहटोल्यात अध्यक्ष मंचापाशीच भेटले.

"माइकची लाईन काढायची नाई. आधीच सांगून राहिलो."

"काढायची नाही," मी म्हणालो. "शेजारी एक जोडायची आहे."

त्यांनी ट्रॉलीतली माणसे पाहिली. त्यांत त्यांचे एक सोयरे होते. मंचामागे, जेथे नट रंग लावत होते, तेथे जागा मिळाली. मंचाच्या फळ्या नाचाने हलत होत्या, म्हणून मशीन जमिनीवर पोत्यांच्या थरावर ठेवली. पहिले अपडेट सुरू केले.

लुगडे नेसलेला एक नट, मिशीवर रंग थापता थापता, वाकून पाहू लागला.

"काऊन गा देवचंद, हा टीव्ही कायले आणला?"

"टीव्ही नाई, केंद्राची मशीन होये. अपडेट करून राहिलो."

"नुसता गोल गोल फिरून राहिला."

"तू बी तेच करतेस ना मंचावर," दुलीचंद म्हणाले.

पहिले अपडेट झाले. मशीन बंद झाली आणि बराच वेळ काळ्या पडद्यावर राहिली. अशा वेळी करण्यासारखे काही नसते. बटणाला हात लावायचा नाही, एवढेच काम असते. ट्रॉलीतली माणसे गोल करून उभी होती. अनुसयाबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या देवचंदचा चेहरा पाहत होत्या. मशीन सुरू झाली.

दुसरे, तातडीचे अपडेट लावले. ते अर्ध्यावर आले तेव्हा इन्व्हर्टरने सूचनेचा आवाज काढला. बॅटरी उतरत होती, मोहटोल्यातही वीज नव्हती आणि नाटकाचा जनरेटर रात्री यायचा होता. माइकचा मोठा भोंगा आणि मशीन, दोन्ही शेवटपर्यंत ओढले जाणार नव्हते. मशीन काढली असती तर दंडार पूर्ण झाली असती आणि अपडेट उलटे फिरले असते. माझ्या अंदाजाने दुसऱ्यांदा सुरू करण्याइतका वेळ उरलेला नव्हता. मी अध्यक्षांना बोलावून जे होते ते सांगितले.

"म्हंजे माइक बंद करू?"

"मशीन पुरी होईपर्यंत."

"लोकं मले जोड्यानं हाणतील."

मंचाच्या कडेला दंडारीचे म्होरके बसले होते. म्हातारे गृहस्थ, डोक्याला फेटा. त्यांनी मशीनकडे पाहिले, मग अनुसयाबाईंकडे.

"कोणाची होये हे बाई?"

"चिचटोल्याची. धानाची नोंद राहिली," देवचंदने सांगितले.

"माइक कधी आला गा आपल्या गावात?" म्हातारबांनी अध्यक्षांना विचारले.

"मले काय ठाऊक? मी लहान होतो."

"त्याच्या आंधी माझ्या बापाची दंडार त्या टोकाच्या चिचेखाली ऐकू जात होती. काढ तो भोंगा."

माइकची तार काढण्यात आली. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या, कोणी आरोळी ठोकली. म्हातारबा स्वतः मंचावर गेले आणि त्यांनी गवळण उचलली. लोक पुढे सरकून बसले. मागचे उभे राहिले. शब्द मंचामागेही स्पष्ट ऐकू येत होते.

ती गवळण संपून दुसरी सुरू झाली होती तेव्हा तातडीचे अपडेट पूर्ण झाले. मशीन एकदा बंद होऊन सुरू झाली. देवचंदने आपल्या फोनचे इंटरनेट जोडून पोर्टल उघडले. प्रवेश मिळाला. मी व्यवस्थापकांना तसा संदेश पाठवला. माइकची तार मात्र नोंदणी संपल्यावरच पुन्हा जोडण्यात आली.

नोंदणी सुरू झाली. गर्दीत प्रत्येकाच्या खिशात फोन होता आणि त्या भागात टॉवर एकच. पोर्टलचे एकेक पान सावकाश उघडत होते. ट्रॉलीतले शेतकरी एकामागून एक झाले. दुलीचंद सर्वांत पुढे होते, पण मंचामागच्या वाटेत ट्रॅक्टर आडवा आला म्हणून तो हलवायला ते गेले आणि परत आले तेव्हा रांगेत फक्त अनुसयाबाई उरल्या होत्या. देवचंदने क्रमाप्रमाणे दुलीचंद यांना पुढे बोलावले.

"बाईचं होऊ दे आधी," ते म्हणाले. "माझा अंगठा भारी होये, एका दमात लागते."

अनुसयाबाईंचा अंगठा जुळला नाही. धान कापून बोटांची कातडी घासून गेली होती. हात धुतले, पदराने पुसले, पुन्हा लावला. जुळला नाही. लुगडे नेसलेल्या नटाने रंगाखाली लावायचे तेल पुढे केले. तेल चोळून, पुसून, पुन्हा लावला.

"जोरानं नको दाबू, बाई," दुलीचंद म्हणाले. "मशीन होये, जावई नाई."

डावा अंगठा झाला, उजवी तर्जनी झाली. प्रत्येक वेळी पान नव्याने उघडत होते. उजव्या हाताचे मधले बोट जुळले. देवचंदने नोंद पाठवली. पडद्यावर चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. अनुसयाबाईंनी बोट यंत्रावरून काढले नव्हते. मग पडद्यावर नोंदणी क्रमांक उमटला. देवचंदने तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला.

त्यानंतर दुलीचंद कटरे यांनी अंगठा लावला. तो पहिल्याच वेळी जुळला. नोंद पाठवली तेव्हा पोर्टल बंद झाल्याची सूचना आली.

मशीन त्यांच्याच ट्रॉलीतून चिचटोल्याला परत आली. जिल्हा व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी एका नोंदीसाठी मुदतवाढ मागणारी विनंती वर पाठवली. ती मान्य झाली नाही. अनुसयाबाई पटले यांचे धान त्या हंगामात चिचटोला केंद्रावर मापून घेण्यात आले. दुलीचंद कटरे यांनी आपले धान तिरोड्यातील एका व्यापाऱ्याला विकले.